रेंजमधला रँडम पूर्णांक: नुसती बाकी काढली तर नेमकं काय बिघडतं?

समतोल

कामाच्या ठिकाणी एका कोड रिव्ह्यूत वाद निघालाय, आणि तो मुळापासून समजून घ्यायचा आहे. तपासणीसाठी नोंदींच्या यादीतून काही नोंदी रँडम पद्धतीने उचलायच्या आहेत. यादीत न नोंदी असतील, तर ० ते न-१ यांतला एक आकडा हवा. सध्याचा कोड असा (रँडम३२() म्हणजे ३२ बिटांचा रँडम आकडा, % म्हणजे भागाकारात उरणारी बाकी):

क्ष = रँडम३२()
उत्तर = क्ष % न

रिव्ह्यू करणाऱ्या सहकारी म्हणतात, यात बायस आहे (काही आकडे इतरांपेक्षा जास्त वेळा येतात), हे मर्ज होणार नाही. बाकीच्यांचं म्हणणं असं की जनरेटर चांगला आहे, दहा लाख वेळा चालवून पाहिलं, आलेख सपाट येतो, मग अडलंय कुठे? बायस असेल तर तो किती, कधी त्रास देतो आणि काढायचा कसा, हे कुणी सविस्तर सांगेल का?

बाकीशून्य

तुमच्या सहकारी बरोबर आहेत. जनरेटरच्या दर्जाचा इथे प्रश्नच नाही. तो अगदी निर्दोष आहे असं धरूनही बायस येतोच.

३२ बिट थोडे बाजूला ठेवू, एक बाइट घेऊ. ० ते २५५ अशा २५६ किमती, सगळ्यांची शक्यता सारखी. त्यांतून ० ते ९ यांतला एक अंक हवा. २५६ ला १० ने भागलं की भागाकार २५ आणि बाकी ६. म्हणजे ० ते २४९ या पट्ट्यात प्रत्येक अंकाच्या वाट्याला बरोबर २५ किमती येतात. उरतात २५० ते २५५ या सहा. त्यांची बाकी काढली की त्या ०, १, २, ३, ४, ५ यांच्याकडे जातात. म्हणून ० ते ५ या अंकांना प्रत्येकी २६ किमती आणि ६ ते ९ यांना प्रत्येकी २५. चार टक्क्यांचा फरक.

आता न = १०० घ्या. ० ते ५५ या आकड्यांना प्रत्येकी ३ किमती, ५६ ते ९९ यांना प्रत्येकी २. पहिल्या गटातला कुठलाही आकडा दुसऱ्या गटातल्या आकड्याच्या दीडपट वेळा येणार. २५६ किमती १०० जणांत सारख्या वाटताच येत नाहीत, आणि मॉड्युलोचा, म्हणजे बाकी काढण्याचा, नियम उरलेला सगळा वाटा लहान आकड्यांना देऊन टाकतो. न हा २ चा घात असेल तरच वाटणी पुरी होते.

सरळरेषा

गणित मान्य. पण ३२ बिटांत हाच हिशोब करून पाहा. न = ६ असेल तर ४२९४९६७२९६ = ६ × ७१५८२७८८२ + ४. म्हणजे चार आकड्यांना ७१५८२७८८३ किमती आणि दोघांना ७१५८२७८८२. एकाहत्तर कोटींत एकाचा फरक! नोंदी निवडायच्या कामात यानं कुणाचं काय बिघडणार? दोन ओळींचा कोड कुणालाही वाचता येतो, यालाही मोल आहे.

बाकीशून्य

न = ६ पुरतं तुमचं म्हणणं खरं आहे. पण फंक्शनला न आधी माहीत नसतो. उद्या कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी ते उचलतो आणि न = ३२२१२२५४७२ देतो. ही संख्या ३ × २^३० आहे. ३२ बिटांच्या किमती यात एकदा पुऱ्या वाटल्या जातात आणि २^३० उरतात. त्या सगळ्या पहिल्या एक तृतीयांश आकड्यांना मिळतात. म्हणजे रेंजच्या पहिल्या तिसऱ्या हिश्श्यात निम्मी उत्तरं पडणार आणि उरलेल्या दोन हिश्श्यांत मिळून निम्मी. हा दोष उघड्या डोळ्यांना दिसेल इतका मोठा आहे, आणि कोड तोच आहे.

शिवाय सगळीकडे ३२ बिट मिळतात असंही नाही. सी भाषेच्या मानकात रँड() ची कमाल किंमत किमान ३२७६७ असावी एवढीच अट आहे, आणि मायक्रोसॉफ्टच्या सी लायब्ररीत ती तेवढीच आहे. म्हणजे हातात १५ बिट. तिथे न = १०००० घेतलं की ० ते २७६७ यांना ४ किमती आणि बाकीच्यांना ३.

रेवा

मला समतोल यांच्या पोस्टमधल्या "दहा लाख वेळा चालवून पाहिलं" या वाक्यावर थांबायचंय, कारण खरी गफलत तिथे आहे.

वर आलेले १५ बिट घ्या आणि पत्त्यांच्या जोडासाठी न = ५२ करा. ३२७६८ = ५२ × ६३० + ८. पहिल्या आठ पत्त्यांना ६३१ किमती, उरलेल्या चव्वेचाळीस पत्त्यांना ६३०. फरक साधारण ०.१६ टक्के. आता दहा लाख वेळा चालवा. प्रत्येक पत्ता सुमारे १९२३० वेळा येईल, आणि निव्वळ योगायोगाने होणारा चढउतार, म्हणजे प्रमाण विचलन, साधारण १३७ चं, ०.७ टक्क्यांचं असेल. बायस त्या चढउताराच्या पाव हिश्श्याहून लहान आहे. आलेख सपाटच दिसणार! आठ पत्ते झुकतं माप घेऊन बसलेत आणि तुमची चाचणी हिरवी.

३२ बिट आणि न = ६ असेल तर काय-वर्ग चाचणीला (मोजण्या अपेक्षेएवढ्या आल्या का हे पाहणारी संख्याशास्त्रीय चाचणी) तो फरक पकडायला १०^१८ हून जास्त नमुने लागतील. म्हणजे चालवून पाहणं हा मार्गच बंद. "चाचणीत दिसत नाही म्हणजे नाही" असं इथे म्हणता येत नाही.

पण जे चालवून दिसत नाही, ते मोजून दिसतं. फंक्शन लिहिताना स्रोताचे बिट किती, हे पॅरामीटर ठेवा. प्रॉडक्शनमध्ये ३२, चाचणीत ८ किंवा ४. आणि चाचणीत रँडम स्रोत वापरूच नका. ० पासून २५५ पर्यंत प्रत्येक किंमत एकेकदा स्वतः भरा आणि कुठलं उत्तर किती वेळा आलं ते मोजा. हे न = १ पासून २५५ पर्यंत प्रत्येक न साठी करा. सुमारे पासष्ट हजार बेरजांचं काम, क्षणात होतं. प्रत्येक उत्तराची मोजणी अगदी सारखी आली पाहिजे. "जवळपास सारखी" चालणार नाही, कारण इथे योगायोग शिल्लकच नाही. एकाचा जरी फरक आला तरी कोड चुकीचा.

मी रँडमशी संबंधित कुठलाही कोड तपासताना आधी हीच मोजणी मागते.

समतोल

रेवा, हे फार उपयोगी आहे, आभार. मग बरोबर कोड कसा लिहायचा?

बाकीशून्य

जी बाकी वाटता येत नाही, ती टाकून द्यायची आणि पुन्हा आकडा मागायचा. याला रिजेक्शन म्हणतात.

उंबरठा = (२^३२ - न) % न
पुन्हा पुन्हा करा:
  क्ष = रँडम३२()
  क्ष >= उंबरठा असेल तर थांबा
उत्तर = क्ष % न

उंबरठा म्हणजे २^३२ ला न ने भागल्यावर उरणारी बाकीच. २^३२ ही संख्या ३२ बिटांत मावत नाही म्हणून ती आडवळणाने काढलीय. अनसाइन्ड (ऋण संख्या नसलेल्या) ३२ बिटांत नुसतं -न लिहिलं तरी त्याचा अर्थ २^३२ - न असाच होतो. ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या आर्क४रँडम_युनिफॉर्म या फंक्शनमध्ये हीच रीत आहे. उंबरठ्याखालच्या किमती टाकल्या की उरलेल्या सलग किमतींची संख्या न च्या पटीत असते, आणि प्रत्येक उत्तराला सारखाच वाटा मिळतो.

बाइटच्या उदाहरणात वरच्या बाजूने टाकायचं असेल, तर २५० पासून पुढच्या किमती टाकायच्या. तिथे तुलना क्ष < २५० अशी हवी. क्ष <= २५० लिहिलं की ० ला एक किंमत जास्त मिळते आणि बायस मागच्या दाराने परत येतो. वाचताना ते डोळ्यांना खुपत नाही. रेवा म्हणतात त्या मोजणीत मात्र लगेच सापडतं.

सरळरेषा

दोन शंका. हा लूप कधी संपेल याची हमी काय? आणि नशिबाने सलग नकोत तेच आकडे येत राहिले तर? काही ठिकाणी ठराविक वेळेत उत्तर द्यावंच लागतं. लूपशिवाय अचूक पद्धत नाही का?

बाकीशून्य

टाकून द्यायच्या किमती नेहमी निम्म्याहून कमी असतात. बाकी न पेक्षा लहान असते आणि २^३२ - न पेक्षा मोठी होऊ शकत नाही, म्हणून. त्यामुळे सरासरी दोनाहून कमी फेऱ्या लागतात, आणि सलग ६४ वेळा नकार मिळण्याची शक्यता १/२^६४ पेक्षा कमी. न लहान असेल तर दुसरी फेरी जवळपास कधीच होत नाही.

लूपशिवाय अचूक पद्धत नाही, आणि हे सिद्ध करता येतं. समजा एखादी पद्धत कमाल क बिट वापरून हमखास थांबते. त्या क बिटांचे २^क प्रकार, सगळे सारख्या शक्यतेचे. प्रत्येक उत्तराच्या वाट्याला त्यांतले काही पूर्ण प्रकार येतात, म्हणजे त्याची शक्यता काहीतरी/२^क अशीच असणार. एक तृतीयांश या रूपात लिहिता येत नाही, कारण २ च्या कुठल्याच घाताला ३ ने भाग जात नाही. म्हणून अचूकपणा हवा असेल तर फेऱ्यांवर कमाल मर्यादा घालता येत नाही.

मर्यादा हवीच असेल तर अचूकपणा सोडा, पण किती सोडताय ते ठरवून सोडा. न ३२ बिटांत मावतो ना? मग ६४ बिटांचा आकडा घेऊन मॉड्युलो करा. कुठल्याही उत्तराच्या शक्यतेतला सापेक्ष फरक १/२^३२ च्या आसपास किंवा त्याहून लहान राहतो. नोंदी निवडायला हे मला चालेल. कॉमेंटमध्ये तो हिशोब लिहिलेला असावा, एवढीच अट.

चिकित्सक

जावा वापरणाऱ्यांसाठी: मॅथ.अ‍ॅब्स(क्ष) % न असं कुठे दिसलं तर ताबडतोब काढा. साइन्ड ३२ बिटांत -२१४७४८३६४८ ची धन बाजू अस्तित्वात नाही, त्यामुळे अ‍ॅब्स तीच ऋण संख्या परत देतं आणि उत्तर ऋण येऊ शकतं. नेक्स्टइंट(न) हे तयार फंक्शन आत रिजेक्शन करतं, ते वापरा.

जावास्क्रिप्टमध्ये मॅथ.राउंड(मॅथ.रँडम() * न) हे तर सर्रास दिसतं. त्यात ० ते न असे न+१ आकडे येतात आणि दोन्ही टोकांना इतरांच्या निम्मीच शक्यता मिळते. मॅथ.फ्लोअर लावलं की हा ढोबळ दोष जातो. पण दशांश आकड्याने गुणलं म्हणून वाटणीचा प्रश्न सुटत नाही. आत फार तर ५३ बिट असतात, म्हणजे २^५३ किमती, आणि त्या न मध्ये सारख्या वाटायच्या हाच प्रश्न पुन्हा उभा. पायथनमध्येही रँडरेंज आधी रँडम() ला न ने गुणायचं. ३.२ आवृत्तीत ते बदललं. आता न मावेल तेवढेच बिट घेतले जातात आणि आलेला आकडा न किंवा त्याहून मोठा असेल तर पुन्हा मागितला जातो.

कूटलेखक

"एवढ्याशा बायसने काय होतं" याला आमच्या क्षेत्रात उत्तर आहे, तेही लिहून ठेवतो.

डीएसए या डिजिटल सहीच्या पद्धतीत प्रत्येक सहीसाठी एक गुप्त रँडम आकडा लागतो, ० आणि क्यू यांच्या मधला. क्यू ही १६० बिटांची मूळ संख्या. जुन्या मानकात १६० बिटांचा आकडा काढून त्याची क्यू ने बाकी घ्यायला सांगितलं होतं, म्हणजे हुबेहूब समतोल यांच्या दोन ओळी. क्यू हा २^१५९ आणि २^१६० यांच्या मधे असल्यामुळे लहान आकड्यांना दुप्पट शक्यता मिळत होती. डॅनियल ब्लायखेनबाखर यांनी दाखवलं की पुरेशा सह्या गोळा केल्या तर या झुकावातून खाजगी किल्लीपर्यंत पोचण्याची वाट निघते. २००१ साली अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने मानकात बदल केला. नंतरच्या आवृत्त्यांत दोन रीती दिल्या आहेत: गरजेपेक्षा ६४ बिट जास्त घेऊन मग बाकी काढा, नाहीतर रेंजबाहेरचा आकडा टाकून पुन्हा घ्या. वर बाकीशून्य यांनी सांगितलेल्या दोन वाटा याच.

दुसरं उदाहरण उलट्या बाजूचं, २०२४ मधलं. पुटी या प्रोग्रॅममध्ये ५२१ बिटांच्या वक्रावर सही करताना हा गुप्त आकडा ५१२ बिटांच्या हॅशमधून (मजकुरावरून काढलेल्या ठराविक लांबीच्या आकड्यातून) काढला जात होता. त्यावर मॉड्युलोही लावलेला होता, पण ५१२ बिटांची संख्या ५२१ बिटांच्या संख्येहून लहानच असते, त्यामुळे त्याने काहीच होत नव्हतं. वरचे नऊ बिट प्रत्येक वेळी शून्य. साधारण ६० सह्या हाती लागल्या की खाजगी किल्ली काढता येत होती. ०.८१ आवृत्तीत ते दुरुस्त झालं. म्हणून स्रोत रेंजपेक्षा लहान नाही ना, हे आधी बघा. लहान असेल तर काही आकडे कधी येणारच नाहीत, आणि रिजेक्शनही तिथे उपयोगाचं नाही.

बिटमोजणी

वेगाचा मुद्दा राहिलाय. वरच्या रिजेक्शनमध्ये दोन भागाकार आहेत, आणि प्रोसेसरवर गुणाकाराच्या तुलनेत भागाकार बराच हळू. डॅनियल लेमीर यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेली पद्धत हा खर्च जवळपास शून्यावर आणते. मला ती अतिशय सुंदर वाटते, म्हणून बाइटवरच उलगडून दाखवतो.

क्ष ला १० ने गुणा. गुणाकार १६ बिटांचा. वरचा बाइट हे उत्तर, खालचा बाइट तपासणीसाठी. नुसता वरचा बाइट घेतला तर बायस आहेच, फक्त तो एका टोकाला साचत नाही: ०, १, ३, ५, ६, ८ यांना २६ किमती, तर २, ४, ७, ९ यांना २५. आता नियम: खालचा बाइट ६ पेक्षा लहान असेल तर आकडा टाका, कारण २५६ ची १० ने बाकी ६. असे क्ष कोणते? ०, २६, ७७, १२८, १५४, २०५. त्यांची उत्तरं अनुक्रमे ०, १, ३, ५, ६, ८. ज्यांच्याकडे एक किंमत जास्त होती, नेमकी त्यांच्याकडूनच एकेक काढली गेली! कागदावर करून पाहा, दहा मिनिटांचं काम आहे.

वेग कुठून येतो? ६ ही बाकी काढायला भागाकार लागतो, पण ती न पेक्षा लहान असते हे आधीच माहीत आहे. म्हणून आधी खालचा भाग न पेक्षा लहान आहे का एवढंच बघायचं. नसेल तर उत्तर लगेच द्या. ३२ बिटांत न लहान असेल तर जवळपास प्रत्येक वेळी इथेच सुटका होते, भागाकाराशिवाय. पायथनच्या नमपाय लायब्ररीच्या नव्या जनरेटरमध्ये हीच पद्धत आहे.

आणि ज्यांना एकेक बिट महाग आहे त्यांच्यासाठी: फाशाला ३ बिट घेऊन ८ पैकी २ नाकारले तर सरासरी ४ बिट लागतात. पण ६ = २ × ३. एक बिट थेट घ्या, आणि तीनातला एक निवडायला २ बिटांवर रिजेक्शन करा, त्याला सरासरी ८/३ बिट. एकूण ११/३, म्हणजे ३.६७. अचूकपणा तोच, खर्च कमी.

चिकित्सक

लूपच्या फेऱ्यांवरून बाहेरच्याला गुप्त आकड्याचा सुगावा लागेल का? कूटलेखक?

कूटलेखक

फेऱ्यांवरून नाही. टाकलेले आकडे आणि स्वीकारलेला आकडा यांचा एकमेकांशी संबंध नसतो. मात्र काही प्रोसेसरवर भागाकाराला लागणारा वेळ संख्येवर अवलंबून असतो, त्यामुळे शेवटच्या % मधून माहिती गळू शकते. गुप्त आकड्यांसाठी नको ते बिट मास्क करून नुसती तुलना करणं बरं, पायथनसारखं.

रेवा

समतोल, तुम्हाला "काही नोंदी" हव्यात, एक नाही. एकच नोंद दोनदा येऊ नये म्हणून यादी शफल करणार (पत्त्यांसारखी पिसणार) असाल तर तिथेही हीच मोजणी लावा. प्रत्येक जागेसाठी संपूर्ण यादीतून रँडम जागा निवडून अदलाबदल केली, तर तीन वस्तूंसाठी ३ × ३ × ३ = २७ वाटा होतात आणि क्रम फक्त ६. २७ ला ६ ने भाग जात नाही, म्हणून तीन क्रमांना ४ आणि तीन क्रमांना ५ वाटा मिळतात. आत निवडलेला प्रत्येक आकडा बायसमुक्त असूनही! फिशर-येट्स पद्धतीत अजून न ठरलेल्या जागांतूनच निवड होते, ३ × २ × १ = ६, प्रत्येक क्रमाला एकच वाट. तुम्हाला पहिल्या काही जागाच हव्यात, तेव्हा तेवढ्या भरल्या की थांबा. अख्खी यादी फिरवायची गरज नाही.

समतोल

रिजेक्शनवाला कोड घेतला, बिटांची संख्या पॅरामीटर केली आणि ४ बिटांवर मोजणी चालवली. न = १ ते १५ सगळीकडे मोजणी तंतोतंत सारखी. मग त्याच्यावर अ ते ब अशी रेंज घेणारं फंक्शन तपासलं. त्यात न = ब - अ + १ आहे. अ = ०, ब = १५ दिल्यावर शून्याने भागाकाराची एरर येते. बाकी सगळ्या जोड्या बरोबर.

बाकीशून्य

४ बिटांत १५ - ० + १ म्हणजे १६, आणि १६ चे खालचे ४ बिट शून्य. ३२ बिटांत अ = ०, ब = ४२९४९६७२९५ दिलं की हेच होईल. न शून्य आला याचा अर्थ रेंज स्रोताएवढीच आहे, वाटणी आधीच पुरी आहे. तेव्हा उंबरठा काढण्याआधी एक ओळ घाला: न == ० असेल तर रँडम३२() जसाच्या तसा परत द्या. आणि ब हा अ पेक्षा लहान असेल तर तिथेच एरर द्या, नाहीतर वजाबाकी गुंडाळली जाऊन भलताच मोठा न तयार होईल. ४ बिटांत अ आणि ब च्या २५६ जोड्या होतात, त्या सगळ्या चाचणीत ठेवा.